नव्या चुलीची परीक्षा, जुन्या चुलीचे तास

चूल तपासायची म्हणजे तिच्यावर पाणी उकळायचं. हूड, पंखे, फिल्टर, संगणक हा सगळा पसारा त्या एका पातेल्याभोवती मांडलेला असतो. आमच्या गटानं गरीब घरांसाठी लाकडावर चालणारी एक पत्र्याची चूल तयार केली होती आणि ती वाटण्याआधी रीतसर तपासून घ्यायची असं ठरलं. गटात यंत्रांचं शिक्षण झालेली मी एकटी. त्यामुळे चूल प्रयोगशाळेत न्यायची आणि नंतर घराघरांत तिचं काय होतं ते मोजायचं, ही दोन्ही कामं माझ्याकडे आली. पहिल्या कामाला जेवढा वेळ लागेल असं सगळ्यांनी धरलं होतं, त्यापेक्षा कमी लागला. दुसरं अजून पुरतं संपलेलं नाही.

आमची चूल रॉकेट जातीची. या जातीचं मूळ १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, अप्रोवेचो संशोधन केंद्रात लॅरी विनियार्स्की यांनी केलेल्या कामात आहे. आतून इंग्रजी एल अक्षरासारखा आकार, आडव्या तोंडातून लाकूड सरकवायचं, उभ्या नळीत जाळ वर ओढला जातो आणि नळीभोवती उष्णता रोखणारा थर असतो. धूर म्हणजे न जळलेलं इंधनच. तो गार पातेल्याला लागण्याआधी आतच पुरेशा तापमानात, पुरेशा हवेत काही क्षण राहिला तर जळून जातो. उघड्या तीन दगडांवर नेमकं हेच होत नाही. जाळ चहूबाजूंनी गार हवा ओढतो, पातेलं त्याला वरून गार करतं, आणि अर्धवट जळलेली काजळी बाईच्या डोळ्यांत जाते.

रॉकेटची सगळी करामत थोड्या मोजमापांत आहे. पातेल्याभोवतीच्या पत्र्याच्या कड्यात आणि पातेल्यात फट किती ठेवायची, यावर आमच्याकडे बरेच वाद झाले. फट कमी केली तर गरम वायू पातेल्याला घासून जातात आणि उष्णता चांगली उतरते. पण फारच कमी केली तर ओढ तुटते आणि धूर तोंडातून मागे येतो. बरं, फट ठरते ती पातेल्याच्या मापावर, आणि कुठल्याच घरात एकच पातेलं नसतं.

प्रयोगशाळेत पहिली भेट लाकडाशी झाली. एकाच जातीचं, एकाच जाडीचं, चौकोनी कापलेलं, वाळवून ओल मोजलेलं लाकूड काड्यांच्या जुड्यांसारखं रचून ठेवलेलं. कोरड्या लाकडात किलोमागे साधारण १८ मेगाज्यूल ऊर्जा असते. ओल्या लाकडातली बरीच उष्णता आधी त्यातलं पाणी उडवण्यातच जाते, जाळ थंड पडतो आणि धूर वाढतो. म्हणून चाचणीत ओल ठरलेल्या मर्यादेत ठेवावी लागते. मी तिथल्या सरांना विचारलं, "सर, असं लाकूड कुठल्या घरात मिळेल?" ते म्हणाले, "कुठल्याच नाही. इथे आपण चूल तपासतो, घर नाही." उत्तर बरोबर होतं.

पाणी उकळण्याची ही पद्धत बरीच जुनी आहे. १९८०च्या दशकात व्हिटा या अमेरिकी संस्थेच्या पुढाकारानं तिचा पहिला आंतरराष्ट्रीय मसुदा झाला. पुढे वर्षानुवर्षं जी पद्धत चालली तिच्यात पाच लिटर पाणी घेऊन थंड चुलीवर उकळी आणायची, मग गरम झालेल्या चुलीवर पुन्हा ताजं पाणी उकळायचं, आणि शेवटी पंचेचाळीस मिनिटं मंद आचेवर उकळीच्या जरासं खाली धरून ठेवायचं. आधी लाकूड तोलायचं, शेवटी उरलेलं लाकूड आणि निखारे वेगळे करून तोलायचे. निखारे तोलायचं काम घाईचं असतं, कारण ते डोळ्यांदेखत जळून हलके होत असतात. २०१८ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचं १९८६७-१ हे मानक आलं आणि पद्धत बदलली, पण पातेलं, पाणी आणि वजनकाटा तेच राहिले.

या हिशोबात एक गंमत आहे. ती मला तिथे बसल्यावरच कळली. चुलीची कार्यक्षमता काढताना पाण्यात उतरलेली उष्णता ही 'कामाला आलेली' धरतात, आणि त्यात वाफ होऊन उडालेलं पाणीही येतं. आता पाच लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण १.५७ मेगाज्यूल लागतात. त्यातलं एकच लिटर वाफ करून उडवायला लागतात सुमारे २.२६ मेगाज्यूल. म्हणजे पातेल्यातून भसाभसा वाफ काढणारी, मंद होतच नाही अशी चूल कागदावर चांगली दिसू शकते. स्वयंपाक करणारीच्या दृष्टीनं ती वाफ वाया गेलेलं सरपण आहे. उकळी आली की पदार्थ शिजायला तेवढंच तापमान टिकवायचं असतं, जास्त जाळ घातल्यानं काही तो लवकर शिजत नाही. म्हणून आकडा हाती आला की मंद आचेचा आकडा वेगळा मागून घ्यावा. आम्ही मागितला. आमची चूल मंद करताना नखरे करते, हे तिथेच कळलं. लाकूड एका काडीपर्यंत कमी केलं की ज्योत विझते आणि धुमसणं सुरू होतं, आणि चुलीचा सगळ्यात घाण धूर धुमसतानाच निघतो.

धूर मोजायला चुलीवर मोठा हूड असतो. निघालेला सगळा वायू त्यातून ओढून घेतात आणि त्यातला ठरावीक भाग एका फिल्टरमधून जातो. फिल्टर म्हणजे नखाएवढ्या वजनाची गोल चकती. चाचणीआधी तो ठरावीक तापमान-आर्द्रतेच्या खोलीत मुरवत ठेवतात, मग अतिसूक्ष्म काट्यावर तोलतात. चाचणीनंतर परत तसंच. हाताचा ठसा उमटला तरी आकडा बिघडतो, म्हणून चिमट्यानं उचलायचा. पांढरा फिल्टर चाचणीनंतर राखाडी किंवा काळा होऊन येतो. काळा असेल तर काजळी जास्त; पिवळसर तपकिरी असेल तर चूल धुमसली असं समजायचं. मंद आचेचा आमचा फिल्टर पिवळा आला होता, तो बघून सरांनी मान हलवली. मी वजनाची वाट न बघता वहीत लिहून ठेवलं.

निकाल टियरमध्ये, म्हणजे पायऱ्यांमध्ये येतो, शून्य ते पाच; पाच सगळ्यात चांगली. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांचा, म्हणजे पीएम २.५चा, हिशोब पातेल्यात उतरलेल्या उष्णतेच्या प्रत्येक मेगाज्यूलमागे किती मिलिग्रॅम असा करतात. २१८च्या आत असेल तर टियर ३, ६२च्या आत टियर ४ आणि ५च्या आत टियर ५. कार्यक्षमतेत ३० टक्के गाठले की टियर ३, ४० टक्के गाठले की टियर ४. आमची चूल कार्यक्षमतेत आणि कणांमध्ये टियर ३, कार्बन मोनॉक्साइडमध्ये टियर ४ आली. सगळ्यांचा मिळून एक टियर मानकात नाही, प्रत्येक रकाना वेगळाच सांगायचा असतो. तरी आमच्या पत्रकाच्या कच्च्या मसुद्यात 'टियर ४ प्रमाणित, धूरमुक्त चूल' असं आलंच. मी ते खोडलं. पत्रक लिहिणारा रुसला, नंतर त्यानंच तीन रकान्यांचा छोटा तक्ता करून दिला. तो वाचायला कंटाळवाणा आहे, पण खरा आहे.

इथवरचं काम सोपं होतं असं मी म्हणते, कारण त्यात सगळ्या गोष्टी ऐकतात. लाकूड ऐकतं, पाणी ऐकतं. गाडीचं कंपनीनं सांगितलेलं मायलेज आणि रस्त्यावरचं मायलेज यांत जो फरक असतो तो इथेही असणार, हे सगळेच धरून चालतात. मला मोठा फरक सापडला तो दुसऱ्याच ठिकाणी. त्यासाठी एक छोटं गणित करावं लागतं. चुली वाटणाऱ्या प्रत्येकानं ते एकदा स्वतःच्या हातानं करावं, म्हणून सविस्तर देते.

२०१२ साली आयएसओच्या छत्राखाली जो पहिला करार झाला त्यात टियर ठरवताना एक काल्पनिक स्वयंपाकघर धरलं होतं. आकारमान ३० घनमीटर आणि तासाला पंधरा वेळा आतली सगळी हवा बदलते, म्हणजे चांगलंच हवेशीर. याचा अर्थ मिनिटाला साडेसात घनमीटर हवा बाहेर जाते. त्याच करारात सगळ्यात खालच्या पायरीची हद्द मिनिटाला ४० मिलिग्रॅम कण अशी होती. साधी उघडी चूल या हद्दीच्या आसपास किंवा पलीकडे असते. आता ४० ला साडेसातनं भागा. चूल पेटलेली असताना त्या खोलीत घनमीटरमागे सुमारे ५,३०० मायक्रोग्रॅम कण राहतात. आठवड्यात १६८ तास असतात. अशी चूल आठवड्यात फक्त एक तास पेटवली आणि बाकीचे १६७ तास हवा अगदी स्वच्छ धरली, तरी आठवड्याची सरासरी ३२ मायक्रोग्रॅम येते. जागतिक आरोग्य संघटनेनं वर्षाच्या सरासरीसाठी पहिला टप्पा म्हणून दिलेली मर्यादा ३५ आहे, आणि २०२१ साली सांगितलेली खरी मर्यादा ५.

एक तास. आठवड्यातून. मी हे गणित पुन्हा पुन्हा करून पाहिलं, कारण त्यानं आमच्या टियर ३ आणि टियर ४च्या सगळ्या भांडणातली हवाच काढून घेतली. नवी चूल कितीही चांगली असो, जुनी रोज सकाळी तासभर पेटत असेल तर त्या खोलीची हवा जुनीच चूल ठरवणार. मग घरांत जाऊन मोजायचं काय, हेही त्यातूनच ठरलं.

घरांत मोजणीला जाण्याआधी संमतीपत्रं, वेळापत्रकं, वजनकाट्यांची तपासणी असं बरंच असतं. ते कुठल्याही सर्वेक्षणात असतं तसंच, त्यामुळे त्यात शिरत नाही. सरपणाची मोजणी अशी: घरात जळणाचा एक ढीग ठरवून द्यायचा, त्यातूनच घ्या असं सांगायचं, आणि रोज साधारण त्याच वेळी जाऊन ढीग तोलायचा, ओल मोजायची, त्या दिवशी किती जण जेवले ते विचारायचं. माणसं मोजायची रीत ठरलेली आहे. १५ ते ५९ वयाचा पुरुष म्हणजे १, त्याहून मोठा पुरुष ०.८, चौदाच्या वरची बाई ०.८, चौदापर्यंतचं मूल ०.५. हे खाण्याच्या गरजेवरून काढलेले गुणांक आहेत, मला मान्य आहे. तरी जी बाई ते सरपण डोक्यावरून आणते, फोडते आणि जाळापुढे बसते, तिच्या नावापुढे ०.८ लिहिताना माझी पेन्सिल दरवेळी जराशी अडायची.

हवेचं यंत्र कुठे टांगायचं याचाही नियम आहे. चुलीच्या कडेपासून एक मीटर, जमिनीपासून १४५ सेंटिमीटर, दारं-खिडक्यांपासून शक्यतो दीड मीटर दूर. १४५ सेंटिमीटर ही उभ्या बाईच्या नाकाची साधारण उंची. बसून स्वयंपाक करणाऱ्या बाईचं नाक त्याच्या बरंच खाली असतं, आणि तान्हं मूल पाठीवर किंवा मांडीवर असेल तर त्याचं आणखी वेगळं. धूर वर साठतो, म्हणून उंचीनुसार आकडा बदलतो. नियम मोडायचा नाही, कारण मग दुसऱ्या मोजण्यांशी तुलना करता येत नाही. आम्ही काही घरांत दुसरं यंत्र खालीही ठेवलं. लहान खोल्यांत दारापासून दीड मीटर ही जागाच सापडत नाही. तिथे जे जमलं ते केलं आणि शेजारी तशी नोंद केली.

सगळ्यात उपयोगी पडले ते तापमान नोंदवणारे छोटे लॉगर. बटणाएवढी धातूची डबी, आत बॅटरी आणि घड्याळ, दर थोड्या मिनिटांनी तापमान लिहून ठेवते. हे लॉगर मुळात अन्न आणि औषधांच्या वाहतुकीत वापरले जातात. चुलींवर त्यांचा वापर रुळवण्यात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या कर्क स्मिथ यांच्या गटाचा मोठा वाटा आहे. स्वयंपाकघरातल्या धुराचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला. २०२० साली ते गेले. लॉगर लावायची जागा शोधणं हे हाताचं काम आहे. फार जवळ लावला तर बॅटरी जळते. फार लांब लावला तर चुलीची ऊब कुठली आणि पत्र्याच्या छपरातून आलेली दुपारची ऊब कुठली ते आलेखात कळत नाही. नव्या चुलीला पायाजवळ, बाहेरच्या बाजूनं बसला. जुन्या मातीच्या चुलीला मागच्या भिंतीत छोटी खाच करून बसवला. "एवढंसं काय ते, त्यात फोटो येतो का?" असं जवळपास प्रत्येक घरात विचारलं गेलं, आणि विचारायलाच हवं होतं. येत नाही, फक्त ऊब कळते, असं सांगून एका वाटीत गरम पाणी घालून दाखवलं की लोक निवांत व्हायचे.

लॉगर दोन्ही चुलींना लावायचे, हा माझा हट्ट होता. खर्च दुप्पट होतो म्हणून गटात कुरकुर झाली. नव्या चुलीवरचा लॉगर ती पेटते का एवढंच सांगतो. मला जुनी विझते का ते हवं होतं.

आलेख आले तेव्हा नव्या चुलीचे उंचवटे सुरुवातीला रोज दोन-तीन दिसत होते. बऱ्याच घरांत ते टिकले, काहींत विरळ झाले. तोंडी विचारल्यावर मात्र सगळ्याच घरांनी "रोज वापरतो" असं सांगितलं होतं. त्यात खोटेपणा कमी आणि पाहुण्याचं मन राखणं जास्त. आणि जुन्या चुलीचे उंचवटे जवळपास प्रत्येक घरात होतेच. पहाटे एक रुंद, संध्याकाळी एखादा, पावसाच्या दिवसांत तर संध्याकाळभर पसरलेला. सरपण खरोखर कमी झालं होतं, ढीग तसं सांगत होता. हवेचं यंत्रही थोडा उतार दाखवत होतं. पण आमच्या गणितातल्या त्या एका तासाच्या जवळपासही कुठलं घर नव्हतं.

मग आलेख घेऊन परत घरोघरी गेले. तुम्ही वापरत का नाही, असं विचारलं की उत्तर मिळत नाही. समोरचं माणूस अपराध्यासारखं बघायला लागतं. मी आलेखावरचा पहाटेचा उंचवटा दाखवून विचारायची, "मावशी, या वेळी काय चढवलं होतं?" मग गोष्टी निघायच्या.

पहाटेचा तो रुंद उंचवटा अंघोळीच्या पाण्याचा होता. मोठं, जड, काठोकाठ भरलेलं भांडं. आमच्या चुलीवर ते ठेवलं की चूल डुगडुगायची, आणि शेजारी मुलं झोपलेली. कोणती आई तो धोका घेईल? शिवाय कड्याच्या मापात ते भांडं बसतच नव्हतं. स्वयंपाकाच्या पातेल्यांचं माप घेताना आम्ही या भांड्याकडे बघितलंही नव्हतं, कारण चूल 'स्वयंपाकाची' होती.

दुसरं कारण सरपण फोडण्याचं. आमच्या चुलीचं तोंड लहान, कारण लहान तोंडात गार हवा कमी शिरते आणि जाळ गरम राहतो. त्यात मनगटाएवढं लाकूडही जात नाही. एक मावशी मला म्हणाल्या, "ताई, तुमची चूल गुणाची आहे गं. पण ती समोर माणूस मागते. माझ्या चुलीत ओंडका सारला की मी पाण्याला जाऊन येते." याचा हिशोब कुठल्याच टियरमध्ये नाही. लाकूड वाचलं ते किलोमध्ये मोजलं. ते फोडायला कुऱ्हाडीपाशी आणि सारायला चुलीपाशी गेलेला वेळ कुणी मोजला नाही. फोडणारा पुरुष घरात असेल आणि फोडत असेल तिथे नवी चूल चालली. हे एवढं ढोबळ वाक्य मी आमच्या थोड्या घरांवरूनच लिहिते आहे, पण आलेख शेजारी ठेवले की ते दिसतं.

पावसातल्या संध्याकाळचा पसरलेला उंचवटा उबेचा होता. उष्णता बाहेर न जाऊ देणारी चूल खोली गरम करत नाही. तो तिचा गुणच आहे. भिजलेलं सरपण आणि कपडे वाळवायला, म्हाताऱ्या माणसाला शेकायला जुनीच लागते. काही घरांत एका वेळी दोन पातेली चढवायची गरज होती, काहींत चिपाडं, पालापाचोळा असं जे मिळेल ते जाळायचं होतं. ज्या घरांत गॅस होता त्यांतही जुनी चूल गेलेली नव्हती. सिलिंडर संपला की नवा आणायला एकरकमी पैसे लागतात. मजुरी आठवड्याला हातात येते, आणि सरपण रोज थोडं थोडं आणता येतं. गॅस पुरवून वापरायचा म्हणून वेळखाऊ शिजवणं चुलीवर.

यातलं एकही कारण अडाणीपणाचं नाही. चुलींच्या कामात 'जनजागृती' नावाचा एक रकाना असतो आणि वापर कमी दिसला की तिकडे पैसे वळवले जातात. मला त्यात अर्थ दिसत नाही. ज्या बाईला धुरानं डोळे चुरचुरतात, खोकला येतो, तिला धूर वाईट असतो हे सांगायला कुणी जायची गरज नाही.

आम्ही चुलीत बदल केले. पाय रुंद केले, वर मोठ्या भांड्यासाठी निघणारं दुसरं कडं दिलं. हे दोन्ही बदल लगेच आवडले. तोंड मोठं करून पाहिलं आणि चूल पुन्हा प्रयोगशाळेत नेली, तर कणांचा आकडा टियर २ मध्ये घसरला. आता काय निवडायचं? प्रयोगशाळेत टियर ३ असलेली पण समोर माणूस मागणारी, की टियर २ची पण पहाटेची जुनी चूल बंद करणारी? एका तासाच्या गणितानं बघितलं तर दुसरी सरस ठरू शकते. पण पत्रकावर ती हरते. शेवटी तोंड मधल्या मापाचं झालं आणि अंघोळीच्या पाण्यासाठी घराबाहेर वेगळी सोय सुचवली. बाहेरचा धूर दारातून परत आत येतो, शेजाऱ्याच्याही घरात जातो, हे माहीत असूनही. निदान झोपलेल्या मुलांच्या खोलीतून तो निघाला.

या सगळ्यात कधीतरी मी वैद्यकशास्त्रातले मोठे अभ्यास वाचायला घेतले, कारण देणगी देणारे विचारत होते की मुलांचा न्यूमोनिया किती कमी होईल. ग्वाटेमालात धुराडं असलेल्या चुलींवर झालेला रेस्पायर हा अभ्यास २०११ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात मुलांचा धुराशी संपर्क निम्म्यावर आला, तरी एकूण न्यूमोनियातली घट ठामपणे सांगण्याइतकी निघाली नाही. तीव्र न्यूमोनिया मात्र साधारण एक तृतीयांशानं कमी दिसला. मलावीत पंख्याच्या चुली देऊन दहा हजारांहून जास्त मुलांवर झालेल्या अभ्यासात न्यूमोनियात काहीच फरक आढळला नाही. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथे हापिन या अभ्यासात तर घराला गॅसची शेगडी आणि फुकट गॅस दिला, लोकांनी तो मनापासून वापरला, संपर्क खूप उतरला; तरी बाळांच्या जन्मवजनात फरक दिसला नाही. धूर निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. घरातल्या धुरामुळे २०२० साली सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण आमची लाकडाची, टियर ३ची चूल देऊन न्यूमोनिया इतके टक्के कमी होईल असं कुणाला लिहून देणं मला जमणार नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. सरपण कमी लागतं, चूल पेटलेली असताना धूर कमी असतो, भांडी कमी काळी होतात, हे लिहून दिलं.

मध्येच कार्बन क्रेडिटचा प्रस्तावही आला होता. चुलींमुळे लाकूड वाचलं म्हणून जो कार्बन हवेत गेला नाही, त्याचं श्रेय, म्हणजे क्रेडिट, विकायचं आणि त्या पैशातून आणखी चुली. ऐकायला छान. वापर किती धरणार, असं विचारल्यावर कळलं की तोंडी सर्वेक्षणातून. आमच्याकडे तोंडी उत्तरं आणि लॉगरचे आलेख शेजारी शेजारी होते, ते मी टेबलावर ठेवले. २०२४ साली 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात बर्कलीच्या संशोधकांनी तपासलेल्या चूल-प्रकल्पांमध्ये क्रेडिट सरासरी नऊ-दहा पटींनी जास्त दिलेली आढळली होती. वापर फुगवून धरणं हे त्यातलं एक कारण. लॉगरवरून हिशोब करणार असाल तर बोलू, असं आम्ही कळवलं. त्यानंतर त्यांचा निरोप आलेला नाही.

अहवाल गेल्या महिन्यात दिला. त्यात टियरचा तक्ता आहे, पण पहिला तक्ता घरनिहाय 'जुनी चूल आठवड्यात किती तास पेटली' असा आहे, वाटपाआधी आणि वाटपानंतर. ज्या घरांना गॅस परवडत नाही ते सिलिंडरच्या एकरकमी पैशांमुळे, त्यांच्यासाठी लहान सिलिंडर आणि हप्ता अशी सोय करता येईल का हे बघायला गटातले दोघे लागले आहेत. वीज भरवशाची असेल तिथे विजेची शेगडी हाही पर्याय आम्ही आता पहिल्यांदाच गंभीरपणे घेतोय. चूल बनवणाऱ्या गटाला ते जड जातं, साहजिक आहे. देणगीदारांना अजूनही किती चुली वाटल्या हा एकच आकडा आधी हवा असतो. त्यांना दोन्ही रकाने पाठवलेत. पुढच्या तुकडीसाठी लॉगरच्या बॅटऱ्या मागवायच्या आहेत, आणि या वेळी अंघोळीच्या पाण्याच्या भांड्यांचं मापही घ्यायचं आहे.